फ्रान्सिस झेवियर: जहाजावर आजाऱ्यांची सेवा करणारा माणूस स्वतः आजारी पडला, तेव्हा त्याच्यासोबत कोण होतं?

नागपुरात सेंट फ्रान्सिस म्हटलं की अनेकांना सेमिनरी हिल्सचं एसएफएस कॉलेज आठवतं. पण ते नाव सेंट फ्रान्सिस दी सेल्स यांचं आहे. गोव्याला फिरायला गेल्यावर ओल्ड गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये ज्यांची चांदीची पेटी आपण बघतो, ते सेंट फ्रान्सिस झेवियर वेगळे.

झेवियर यांचं नाव गोव्याशी जोडलेलं असलं, तरी त्यांचा मृत्यू गोव्यात झाला नाही. तो झाला चीनजवळच्या एका बेटावर, एका झोपडीत.

पहिल्याच प्रवासात आजारपण

झेवियर यांचा जन्म 7 एप्रिल 1506 चा, आजच्या स्पेनमधल्या नवारा प्रांतातला. बरोबर 35 व्या वाढदिवशी ते लिस्बनहून 'सांतियागो' जहाजाने भारताकडे निघाले. त्याच जहाजावर गोव्याचे नवे गव्हर्नर मार्तिम अफोन्सो दी सौझा होते.

सुरुवातीचे दोन महिने झेवियर यांना समुद्र लागला. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाज अनेक दिवस अडकून राहिलं. अशा प्रवासात ताजी फळं-भाज्या संपायच्या आणि शरीराला 'क' जीवनसत्त्व मिळायचं नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, अंगातली ताकद जायची. हा स्कर्व्ही. लिंबू-संत्र्यांचा त्यावर उपयोग होतो, हे जेम्स लिंड या डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं ते 1747 मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

मोसमी वारे हुकल्यामुळे जहाजांना मोझांबिक बेटावर सुमारे सहा महिने थांबावं लागलं. तिथे तापाची साथ होती. झेवियर इस्पितळात रोग्यांची सेवा करत राहिले आणि शेवटी स्वतःच तापाने पडले. त्या काळी तापावर उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढायचं. तो त्यांच्यावरही झाला. अशक्त माणूस त्याने आणखी अशक्त व्हायचा.

6 मे 1542 रोजी ते गोव्यात पोहोचले. तिथेही त्यांनी राहायला जागा निवडली ती इस्पितळातच.

मसाल्याच्या बेटांवर

1546 मध्ये झेवियर आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर होते. तिथे विलालोबोस यांच्या स्पॅनिश ताफ्यातले थकलेले, आजारी खलाशी येऊन पोहोचले. फिलिपिन्सला नाव मिळालं ते याच मोहिमेतून. स्पॅनिश म्हणजे पोर्तुगिजांचे प्रतिस्पर्धी. तरीही झेवियर यांनी त्यांची शुश्रूषा केली. विलालोबोस यांचा मृत्यू तिथेच झाला, तेव्हा झेवियर त्यांच्याजवळ होते.

पण याच अंबोनवरून, त्याच वर्षी मे महिन्यात, त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, नेमण्याची मागणी केली. ते गोव्यात सुरू झालं 1560 मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याने अनेक पिढ्यांना छळलं. गोव्यात त्यांच्याबद्दल श्रद्धा आहे तसा वादही आहे, त्याचं एक मोठं कारण हे पत्र. रोग्यांची सेवा आणि ही मागणी, दोन्ही एकाच माणसाची.

शेवटचं बेट

1549 ते 1551 जपानमध्ये काढून झेवियर यांनी चीनला जायचं ठरवलं. एप्रिल 1552 मध्ये त्यांनी गोवा सोडला. मलाक्क्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांच्यासोबतचं शिष्टमंडळ अडवलं. तरी 'सांता क्रूझ' जहाजाने ते ऑगस्टअखेर शांगचुआन बेटावर उतरले.

परदेशी लोकांना चीनमध्ये प्रवेश नव्हता. एका चिनी व्यापाऱ्याने मिऱ्यांच्या मोबदल्यात त्यांना लपूनछपून कँटनला सोडायचं कबूल केलं. ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही.

21 नोव्हेंबरला झेवियर यांना ताप आला. त्यांना जहाजावर हलवलं, पण लाटांचे हेलकावे सोसवेनात. दुसऱ्याच दिवशी ते किनाऱ्यावर परतले आणि एका पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या झोपडीत राहिले. बाहेर थंड वारा. उपचार मात्र तोच, रक्त काढायचा. ते पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडू लागले, अन्न जाईना.

3 डिसेंबरच्या पहाटे त्यांनी प्राण सोडला. वय 46. जवळ होते दोघे: गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला चिनी तरुण आंतोनियो आणि एक भारतीय नोकर. त्या शेवटच्या दिवसांबद्दल आज जे कळतं, ते बहुतांशी आंतोनियोने नंतर सांगितलं म्हणून.

मग पार्थिव गोव्यात कसं आलं?

हाडं लवकर मोकळी व्हावीत आणि सोबत नेता यावीत, म्हणून शवपेटीत चुना भरला होता. पण फेब्रुवारी 1553 मध्ये पेटी उघडली, तेव्हा शरीर टिकून असल्याचं आढळलं, असं त्या वेळच्या नोंदी सांगतात. आधी मलाक्का आणि मार्च 1554 मध्ये गोवा, असा ते पार्थिव समुद्रमार्गे आलं. 1622 मध्ये झेवियर यांना संतपद मिळालं.

दर दहा वर्षांनी हे अवशेष दर्शनासाठी खाली आणले जातात. याआधीचा सोहळा नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये झाला. तिथल्या रांगेत झेवियर यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. आंतोनियोचं मात्र फार थोड्यांना.