एका कुस्तीनंतर लगेच दुसरी, मध्ये विश्रांतीच नाही : खाशाबा जाधवांच्या ब्राँझमागचं वेळापत्रक

फुटबॉलमध्ये सीझन संपत आला की एक गणित सुरू होतं. टेबलच्या तळाला असलेला, खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जायच्या भीतीत असलेला संघ फक्त स्वतःच्या मॅच बघत नाही. पुढचा प्रतिस्पर्धी कपमध्ये किती पुढं गेलाय हेही बघतो. कारण मंगळवारी कपची मॅच खेळून शनिवारी मैदानात उतरलेल्या टीमचे पाय जड झालेले असतात. समोरचा दमलेला असेल तर एखादा पॉइंट पदरात पडू शकतो.

खेळात ताकदीइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं असतं, ते असं.

हेच वेळापत्रक सातारा जिल्ह्यातल्या एका पैलवानाच्या आयुष्यात आलं, पण उलट्या बाजूनं. दमलेला गडी तो स्वतः होता आणि समोरचा त्याचा फायदा घेऊन गेला. तरीही तो स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला.

त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

माधवनगर-सांगलीपासून कराडपर्यंतच्या पट्ट्यात जत्रा म्हटलं की कुस्त्यांचा फड आलाच. कराडजवळचं गोळेश्वर याच पट्ट्यातलं. तिथं 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांमधले ते धाकटे. वडील स्वतः पैलवान, त्यामुळं लाल माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं, 1942 च्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

अंगानं ते बारके होते. पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत ढाक लागलेली असायची.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांची सगळी कुस्ती मातीवरची. मॅट आणि तिथले नियम, दोन्ही नवीन. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीतला गडी मॅटवरही टिकतो, हे दिसलं होतं.

पुढची चार वर्षं त्यांनी हेलसिंकी डोळ्यासमोर ठेवून मेहनत केली. पण 1952 च्या संघात सुरुवातीला त्यांचं नावच नव्हतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि निवड झालेल्या मल्लाला हरवून खाशाबांनी आपली जागा मिळवली.

आता प्रश्न पैशांचा. सरकारी मदत वेळेवर मिळेना. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम छोटी नव्हती.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरले.

इथं तेव्हाची पद्धत समजून घ्यायला हवी. एक हरला की घरी, असं नव्हतं. प्रत्येक कुस्तीनंतर दंडाचे गुण मिळायचे. चितपट जिंकलात तर शून्य. गुणांवर जिंकलात तरी एक दंडगुण. हरलात तर त्याहून जास्त. दंडगुणांची मर्यादा ओलांडली की स्पर्धेतून बाहेर. म्हणजे तुमचं नशीब फक्त तुमच्या हातात नाही. बाकीच्यांच्या कुस्त्या कशा सुटतात, कोण बाद होतं, कोण तुमच्यासमोर येतं, यावरही ते ठरायचं. फुटबॉलच्या टेबलचं गणित आणि हे गणित सारखंच.

या हिशोबात चितपटीला मोल होतं आणि खाशाबांचं बलस्थान तेच. कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी चितपट केलं, जर्मनीच्या मल्लालाही मागं टाकलं. एकेक गडी गळत गेला आणि शेवटच्या तिघांत खाशाबा उरले. सोबत जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह.

23 जुलै 1952. इशीसोबतची कुस्ती लांबली. दोघंही हटेनात. अखेर निकाल गुणांवर इशीच्या बाजूनं गेला.

खाशाबांच्या चरित्रात पुढचा प्रसंग नेहमी सांगितला जातो. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण दमलेल्या खाशाबांना लगेच मामेदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. आक्षेप घ्यायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. समोरचा ताजातवाना. खाशाबा हरले.

इशीला सोनं, मामेदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना ब्राँझ.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का? सांगता येत नाही. इशी त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला एकमेव सुवर्ण मिळवून देणारा मल्ल होता, तो सोपा नव्हताच. पण रौप्याची लढत बरोबरीच्या दमावर झाली नाही, एवढं मात्र नक्की.

दुसऱ्याच दिवशी भारतानं हॉकीची फायनल नेदरलँड्सविरुद्ध 6-1 अशी मारली. देशभर हॉकीचा गजर झाला आणि कुस्तीतलं ब्राँझ त्यात झाकोळलं गेलं.

गावानं मात्र कसर ठेवली नाही. कराड स्टेशनवर खाशाबा उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या स्वागताला होत्या. काही मिनिटांच्या रस्त्याला मिरवणुकीनं कित्येक तास घेतले. परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या ठेवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं.

1955 मध्ये ते मुंबई पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीनं पुढचं ऑलिम्पिक हुकलं. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. वय 58.

भारताला पुढचं वैयक्तिक पदक 1996 मध्ये लिएंडर पेसनं टेनिसमध्ये मिळवून दिलं. मध्ये गेली तब्बल 44 वर्षं. त्यानंतर सरकारला खाशाबा आठवले. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला, 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. पद्म पुरस्काराची मागणी मात्र अजून सुरूच आहे.

गोळेश्वरमध्ये त्यांचं घर आहे. घराचं नाव, ऑलिम्पिक निवास.