विश्लेषण : भेसळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉ. कमला सोहोनी कोण होत्या?

हळद जितकी पिवळी, जिलेबी जितकी केशरी, तितका माल चांगला, असा अनेकांचा समज असतो. भेसळ करणाऱ्यांना तोच हवा असतो. अन्नात काय मिसळले आहे हे ग्राहकाला कळावे, यासाठी झटणाऱ्यांत जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी आघाडीवर होत्या.

प्रवेशासाठी लढा
कमलाबाईंचा जन्म १९११ चा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिने अभ्यासली. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवताना नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले.

ग्राहकांसाठी काय केले?
१९६६ मध्ये मुंबईत ‘कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य. ‘कीमत’ या संस्थेच्या मासिकात त्या लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्ष होत्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

रंगांचा धोका काय?
भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांनाच परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि मर्यादेत. ‘मेटॅनिल यलो’ आणि ‘रोडामाइन बी’ हे औद्योगिक रंग अन्नात वापरण्यास मनाई आहे. ‘मेटॅनिल यलो’मुळे प्राण्यांच्या यकृतावर आणि मज्जासंस्थेवर दुष्परिणाम झाल्याचे प्रयोगांत दिसले. ‘रोडामाइन बी’ आढळल्याने तामिळनाडूने २०२४ मध्ये ‘बुढ्ढी के बाल’च्या विक्रीवर बंदी घातली.

ग्राहकाने काय करावे?
पाकिटावर रंगाचा उल्लेख सापडतो. मुळशीच्या सहलीत रस्त्याकडेला घेतलेल्या जिलेबीवर किंवा पौडच्या दुकानातल्या सुट्या हळदीवर लेबल नसते. तिथे भडक रंग टाळणे बरे. हळदीसाठी सोपी चाचणी आहे : पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका. शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते. पाणी गडद पिवळे झाले तर शंका घ्या. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते; तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.