ट्रान्झिस्टरचे एक जनक : वॉल्टर ब्रॅटन

खानदेशातील कित्येक गावी वीज नव्हती, तेव्हाही एका लहान पेटीने शेतातील माणसांस बातम्या व गाणी ऐकविली. तिला लोक ट्रान्झिस्टर म्हणत. वास्तविक ते नाव पेटीचे नव्हे, तिच्या पोटातील एका चिमुकल्या भागाचे आहे. तो सिद्ध करणाऱ्यांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १९०२ रोजी चीन देशातील अमॉय शहरी झाला. वडील तेथे शिक्षक होते. पुढे हे कुटुंब अमेरिकेस परतले व वॉशिंग्टन संस्थानात टोनास्केट गावाजवळ गुरे पाळून राहिले. सातपुड्याच्या पायथ्याची मुले गुरे राखतात, तशीच वॉल्टर यांनीही राखिली. तथापि शिक्षण सुटले नाही. १९२९ साली ते डॉक्टर झाले व बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

त्या काळी क्षीण ध्वनी मोठा करण्यास काचेच्या नळ्या लागत. त्या तापत, फुटत व वीज फार खात. त्यांऐवजी घन पदार्थ वापरता येईल काय, हा शोध शॉक्ली यांच्या प्रमुखत्वाखाली चालला होता. जॉन बार्डीन विचार करीत. ब्रॅटन यांचे हात ते प्रत्यक्षात आणीत. १६ डिसेंबर १९४७ रोजी ब्रॅटन यांनी प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यास सोन्याचा वर्ख लाविला, टोकाशी पात्याने बारीक चीर पाडिली, व ती दोन टोके जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरिली. पांझरेच्या काठी पाटकरी चारीचे दार किंचित हलवितो आणि पाण्याचा मोठा लोट त्याप्रमाणे वाढतो वा घटतो. तद्वत एका टोकाचा अल्प प्रवाह दुसऱ्या टोकाचा मोठा प्रवाह चालवू लागला.

यश आले आणि कलह आला. मूळ कल्पना आपली, तेव्हा पेटंट आपल्या नावे व्हावे, असे शॉक्ली म्हणू लागले. वकिलांनी पाहिले, तो तशी कल्पना लिलिएनफेल्ड नामक गृहस्थाने पूर्वीच नोंदविली होती. म्हणून अर्ज बार्डीन व ब्रॅटन यांच्याच नावे गेला. शॉक्ली यांनी लवकरच अधिक टिकाऊ रचना शोधिली, हेही सांगितले पाहिजे. परंतु काही काळ ती त्यांनी या दोघांस कळू दिली नाही. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात तर ब्रॅटन यांच्या उपकरणापाशी शॉक्ली बसले आहेत व हे दोघे मागे उभे आहेत. ब्रॅटन यांस ते फार लागले. १९५१ साली बार्डीन कंपनी सोडून गेले, व ब्रॅटनही शॉक्ली यांच्या हाताखालून निघून दुसऱ्या शाखेत गेले.

ज्याचे श्रेय असे ओढले गेले, त्याने दुसऱ्याच्या श्रेयाचे काय केले, हे आम्हांस विशेष वाटते. १९५५ साली ब्रॅटन यांनी पिअर्सन या सहकाऱ्यासह या विद्येचा इतिहास लिहिला. त्यात, स्फटिकाने बिनतारी लहरी टिपण्याचा अग्रमान त्यांनी कलकत्त्याचे जगदीशचंद्र बोस यांस दिला. बोस यांस शिशाच्या खनिजावरील त्या युक्तीचे अमेरिकन पेटंट १९०४ सालीच मिळाले होते, व १९३७ साली ते वारलेही होते.

१९५६ साली तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. निवृत्तीनंतर ब्रॅटन आपल्या जुन्या व्हिटमन कॉलेजात, विज्ञान न घेतलेल्या मुलांस पदार्थविज्ञान शिकवीत. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी ते मरण पावले. आशियातील भटके व डोंगरांतील गरीब लोक रात्री एकत्र बसून रेडिओ ऐकू शकतात, याचे त्यांस मोठे समाधान होते. त्यावर वाजणारे रॉक संगीत मात्र त्यांस मुळीच रुचत नसे.