गंगामूळचा वारसा

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहते. संडेस्कूलमध्ये मुलांना आपण तीच कथा सांगतो. परंतु त्या कथेचा उगम केडगावला नाही. तो सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळच्या डोंगरावर आहे. तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्या जेथे उगम पावतात, तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. पुण्यास शिकत असता आपले गुरुजी पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले आणि ती गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. पहिल्या पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्या मंडळींनी हाणून पाडला. ती वारल्यावर, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांनी गोदावरीकाठी दुसरे लग्न केले. वधू लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. हे वाचून आज मन कष्टी होते. पण शास्त्रीबोवांनी या मुलीला चुलीपाशी न बसविता तिच्या हाती पोथी दिली. नातलग व पंडित खवळले, त्यांनी जाब विचारला. शास्त्रीबोवांनी आधार काढून दाखविले. शिकविणे मात्र सोडले नाही. शेवटी ते पत्नीला घेऊन डोंगरावर राहावयास गेले.

पहिल्या रात्री तेथे डोक्यावर छप्परही नव्हते. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. लहानगी लक्ष्मीबाई पासोडीत अंग गुरफटून जमिनीवर पडून राहिली, आणि शास्त्रीबोवांनी उजाडेपर्यंत पहारा केला. पुढे तेथे घर झाले, शेती झाली, विद्यार्थी येऊ लागले. यात्रेकरूंना जेवू घालता घालता कर्जही झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने डोंगर सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून बाळाला खाली उतरविण्यात आले.

तेव्हा रमाबाईंना जन्मस्थानाची आठवण असणे शक्यच नव्हते. जे गंगामूळ त्यांना मिळाले ते आईवडिलांच्या तोंडून. कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत गावोगाव फिरत राहिले. शाळा ठाऊक नव्हती. वडील थकले होते, म्हणून आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच मुलीला शिकविले. पहाटे, कामाची घाई सुरू होण्याआधी, पाठ घेतला जाई. अशा रीतीने हजारो श्लोक मुलीच्या मुखी बसले.

पुढे दुष्काळाने घाला घातला. १८७४ साली वडील वारले आणि काही महिन्यांतच आई व थोरली बहीणही गेली. आईच्या शेवटच्या आजारात रमाबाईंनी शेजारणीकडून बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागून आणला. तो आईला खाववला नाही. तिरडीला खांदा द्यायला पुरेसे लोक मिळेनात, तेव्हा ती लहान चणीची मुलगी स्वतः पुढे झाली. घर, शेत, पैसा यांपैकी काही उरले नव्हते. आईने दिलेले धडे तेवढे उरले.

त्याच शिदोरीवर १८७८ साली भावाबरोबर कलकत्त्यास पोहोचलेल्या या मुलीला तेथील विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८७ साली अमेरिकेत त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले. ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले होते.

येथे आपण थोडे थांबावे. ख्रिस्ती झाले म्हणजे पूर्वजांचे नाव टाकावे, अशी समजूत आपल्यातही कुठे कुठे आढळते. रमाबाईंनी आईवडिलांची उपासना सोडली, पण त्यांचे ऋण नाकारले नाही. साधी पांढरी साडी व शाकाहारी जेवण त्यांनी परदेशातही ठेवले. वडिलांनी एका मुलीसाठी समाजाचा रोष पत्करला होता. लेकीने तोच रोष हजारो मुलींसाठी पत्करला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे दुष्काळातून वाचविलेल्या मुलींनी केडगाव भरून गेले. तेथे त्या अक्षर शिकल्या, माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर याच हातांनी छापले.

आपल्या या भागाशीही त्यांचा संबंध आला. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, त्यांनी १९१२ च्या सुमारास मुलींसाठी शाळा काढली. ती मनोरमेने सांभाळली. आजी, आई, नात! पवित्र शास्त्रात तीमथ्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे का नोंदली असतील, ते येथे समजते. मनोरमा १९२१ साली प्रभुवासी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

आम्ही बरकतपुऱ्यातील मराठी माणसे. मुलांची शाळा इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू व उर्दू, आणि मराठी पवित्र शास्त्र बहुधा कपाटात. माझ्या मुलीला मी तिच्या पणजीचे नाव विचारले तेव्हा तिला ते सांगता आले नाही. दोष तिचा नव्हता; मी कधी सांगितलेच नव्हते. रविवारी उपदेश करणाऱ्या माझी मान तेव्हा खाली गेली. आता रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर आम्ही दहा मिनिटे बसतो. एक वचन मराठीत वाचतो आणि घरातील एक जुनी आठवण सांगतो.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास द्यावा, हे खरे. पण बाकीचे तास आईबापांच्या हाती आहेत. लक्ष्मीबाईंना ना घर होते ना दार, तरी त्यांची पहाट चुकली नाही. मग आपल्याला सबब कोणती?

– बरकतपुरा, हैदराबाद