फाइलींची वाट आखणारा : गॅरी किल्डॉल

पावसाळ्यात मुळशी जलाशयाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता रविवारी पुणेकरांनी गजबजून जातो. धबधबे, धुके आणि भातखाचरे कॅमेऱ्यात साठवून मंडळी सायंकाळी घरी परततात. नको असलेली छायाचित्रे काढून टाकता टाकता एखाद्याच्या हातून हवी तीच पुसली जातात आणि दिवसभराचे भिजणे वाया गेल्याची हळहळ सुरू होते. अशा वेळी जाणकार पहिला सल्ला देतात तो कार्डावर एकही नवे छायाचित्र न घेण्याचा. कार्ड संगणकाला जोडून ते बहुतेक छायाचित्रे परतही मिळवून देतात. फक्त फाइलींच्या नावांतले पहिले अक्षर तेवढे गळालेले असते. ‘डीएससी_०४१२’ या नावातला ‘डी’ जातो, बाकीचे नाव शाबूत राहते.

बत्तीस गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर सर्वसाधारणपणे ‘फॅट’ नावाची मांडणी असते. तीत फाइल पुसणे म्हणजे तिच्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर ‘ई५’ ही खूण उमटविणे. फाइलीने व्यापलेली जागा मोकळी झाल्याचे नोंदले जाते. छायाचित्र मात्र त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पडून असते. ३२ बाइटची नोंद, आठ अक्षरांचे नाव, तीन अक्षरांचे उपनाव आणि पुसल्याची ही खूण, या साऱ्याचा उगम कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावात १९७४ साली आकाराला आलेल्या एका कार्यप्रणालीत आहे. तिचे नाव ‘सीपी/एम’ आणि तिचे कर्ते डॉ. गॅरी किल्डॉल.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. त्यांचे कुटुंब तेथे नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा चालवीत असे आणि वडील जोसेफ हे स्वतः नौकेचे कप्तान होते. गॅरी यांनी मात्र गणिताचा शिक्षक व्हावयाचे ठरवून वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तेथे संगणकाच्या ओढीने त्यांची वाट बदलली. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात सक्तीची लष्करी सेवा त्यांनी मॉन्टरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करून पूर्ण केली. १९७२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रोग्रॅमच्या संहितेतील माहितीच्या प्रवाहाचे विश्लेषण करण्याची पद्धत मांडली. कंपायलरच्या अभ्यासक्रमांत ती आजही शिकवली जाते. व्यवहारात अपयशी ठरलेला हुशार माणूस एवढीच त्यांची ओळख करून देणाऱ्यांना या कामाचा सहसा विसर पडतो.

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. इतर प्राध्यापकांना तो वाहतूक दिव्यांच्या वा यंत्रांच्या नियंत्रणापुरता वाटत असताना किल्डॉल यांनी त्यात पूर्ण संगणक पाहिला. इंटेलचे सल्लागार म्हणून १९७३ मध्ये त्यांनी मायक्रोप्रोसेसरसाठी ‘पीएल/एम’ ही भाषा तयार केली. प्रोग्रॅम आणि माहिती साठवावयाची कोठे, हा प्रश्न मात्र उरला होता. कागदी फीत संथ आणि कटकटीची होती. शुगार्ट कंपनीची आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह किल्डॉल यांना मिळाली. पण ती संगणकाला जोडणारे मंडल त्यांना जमेना. ते काम त्यांचे मित्र जॉन टोरोडी यांनी केले आणि १९७४ मध्ये ‘सीपी/एम’ प्रथमच चालू झाली.

त्या फ्लॉपीवर सुमारे २५० किलोबाइट मजकूर मावत असे आणि संगणकाची मेमरी जेमतेम १६ किलोबाइटची. एवढ्याशा जागेत फाइलींचा पत्ता ठेवणारी डिरेक्टरी बसवायची होती. किल्डॉल यांनी तिची रचना तलाठ्याच्या नोंदवहीसारखी ठेवली. ओळी चौसष्ट, प्रत्येक ओळ ३२ बाइटची. पहिल्या बाइटमध्ये नोंदीची स्थिती, पुढे नावाचे आठ आणि उपनावाचे तीन बाइट, आणि अखेरच्या सोळा बाइटमध्ये फाइलीचे तुकडे फ्लॉपीवर कोठे आहेत त्यांचे क्रमांक. एकेक तुकडा एक किलोबाइटचा असल्यामुळे एका ओळीत १६ किलोबाइटची फाइल मावे. फाइल त्याहून मोठी झाली तर तिच्याच नावाने दुसरी ओळ सुरू होई.

ही नोंदवही प्रोग्रॅमने वाचावयाची कशी? त्यासाठी किल्डॉल यांनी दोन आज्ञा दिल्या. सतरा क्रमांकाची आज्ञा पहिली जुळणारी नोंद शोधी आणि अठरा क्रमांकाची त्यापुढची. नावाच्या अकराही जागी प्रश्नचिन्हे भरली की सर्व नोंदी एकामागून एक मिळत. फ्लॉपीवरून एका वेळी १२८ बाइट वाचले जात. म्हणजे त्यात चार नोंदी. त्यांपैकी कितवी जुळली ते सांगणारा शून्य ते तीन हा आकडा प्रोग्रॅमच्या हाती पडे आणि काहीच न जुळल्यास २५५. या आकड्याला ३२ ने गुणले की मेमरीतील नोंदीची जागा सापडे. गंमत अशी की ‘८०८०’ या प्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नव्हती. प्रोग्रॅमर तो आकडा पाच वेळा दुप्पट करीत.

या योजनेत एक खोच होती. शोध कोठवर आला हे कार्यप्रणाली एकाच ठिकाणी लक्षात ठेवी. दोन शोधांच्या मध्ये प्रोग्रॅमने दुसरी एखादी फाइल उघडली की ती खूण हरवे आणि पुढची नोंद भलतीच निघे. अनुभवी मंडळी म्हणूनच आधी सर्व नावे मेमरीत उतरवून घेत आणि मग एकेका फाइलीला हात लावीत.

‘ई५’ ही खूणही काटकसरीतूनच आली. आयबीएमच्या पद्धतीने तयार होऊन येणाऱ्या कोऱ्या फ्लॉपीवर प्रत्येक बाइट ‘ई५’ असे. तोच बाइट रिकाम्या ओळीची खूण ठरविल्यामुळे नवी फ्लॉपी काही न करता रिकामी डिरेक्टरी म्हणून वाचली जाई. फाइल पुसणे म्हणजे ओळ पुन्हा रिकामी असल्याचे दाखविणे, इतकेच.

इंटेलने या कार्यप्रणालीत रस दाखविला नाही. तेव्हा किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’ या भपकेबाज नावाची कंपनी काढली. त्यातला पहिला शब्द पुढे गळाला. यंत्राशी थेट बोलणारा भाग किल्डॉल यांनी वेगळा काढून त्याला ‘बायोस’ हे नाव दिले. तेवढाच भाग नव्याने लिहिला की कार्यप्रणाली कोणत्याही निर्मात्याच्या संगणकावर चाले. काही वर्षांतच ती शेकडो प्रकारच्या संगणकांवर पोहोचली.

१९८० मध्ये आयबीएमची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्या सकाळी किल्डॉल आपले विमान घेऊन कामानिमित्त बाहेर होते आणि गुप्ततेच्या करारावर सही करण्यास डोरोथी यांनी वकिलाच्या सल्ल्याने आढेवेढे घेतले. किल्डॉल हवेत मौजेने भटकत होते म्हणून त्यांच्या हातून साम्राज्य निसटले, ही दंतकथा यातूनच जन्मली. ती त्यांना अन्यायकारक आहे. ते दुपारी परतल्याचे स्वतः सांगत. करार फिसकटला तो अटींवरून.

मायक्रोसॉफ्टने सिएटलच्याच टिम पॅटर्सन यांनी लिहिलेली कार्यप्रणाली विकत घेऊन आयबीएमला दिली. ‘सीपी/एम’चे प्रोग्रॅम सहज उतरविता यावेत म्हणून पॅटर्सन यांनी आज्ञांचे क्रमांकही तेच ठेवले होते. ‘डॉस’मध्येही पहिली नोंद शोधावयाची ती सतराव्या आज्ञेने आणि पुढची अठराव्या! फाइलींच्या तुकड्यांचा वेगळा तक्ता, म्हणजेच ‘फॅट’, ही मात्र मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ च्या सुमारास निघालेली कल्पना. तिचे श्रेय किल्डॉल यांना देता येणार नाही. पुढे मूळ संहितांची तुलना झाली तेव्हाही थेट उचलेगिरीचा पुरावा सापडला नाही. उचलली गेली ती बाहेरून दिसणारी मांडणी. ती उचलताना एक काटछाटही झाली. किल्डॉल यांच्या ओळीत स्थितीचा बाइट नावाच्या आधी स्वतंत्र असल्यामुळे पुसलेल्या फाइलीचे नाव अखंड राहत असे. ‘डॉस’ने तो बाइट वाचवून खूण थेट नावाच्या पहिल्या अक्षरावरच उमटविली. ताम्हिणीच्या छायाचित्रांतला ‘डी’ हरवतो तो तेव्हापासून.

किल्डॉल यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने त्यांची कार्यप्रणालीही विक्रीस ठेवली. तिची किंमत २४० डॉलर आणि ‘डॉस’ची ४० डॉलर, तेव्हा ग्राहकांनी काय निवडले ते सांगावयास नको. मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला आयबीएमचा संगणक आला आणि एकपदरी नोंदवही अपुरी पडू लागली. ‘डॉस’च्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सपासून फोल्डरमध्ये फोल्डर ही कल्पना घेतली. शोधाची खूणही मागणाऱ्या प्रोग्रॅमच्याच मेमरीत ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे एका फोल्डरातला शोध अर्ध्यावर ठेवून दुसऱ्यात शिरणे आणि परत येऊन तो पुढे चालविणे शक्य झाले.

यानंतर किल्डॉल सीडी-रॉमकडे वळले. त्यांच्या कंपनीच्या तंत्राने १९८५ मध्ये ग्रोलियर विश्वकोश सीडीवर आला. संगणकविषयक दूरचित्रवाणी मालिकेचे सहसूत्रधार म्हणूनही ते घरोघरी दिसत. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलने घेतली. पैशाची ददात उरली नव्हती. सल मात्र उरला होता. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा रौप्यमहोत्सव झाला. त्याचे मुख्य भाषण बिल गेट्स यांचे होते आणि विभागाचे माजी विद्यार्थी असलेल्या किल्डॉल यांना केवळ उपस्थितीचे निमंत्रण आले. हे त्यांना फार लागले. त्यानंतर त्यांनी आठवणी लिहून काढल्या.

८ जुलै १९९४ रोजी मॉन्टरेतील एका उपाहारगृहात पडून त्यांच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पॅसिफिक ग्रोव्ह येथे एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्या कार्याचा स्मृतिफलक बसविण्यात आला. आठवणींचा काही भाग त्यांच्या मुलांच्या संमतीने कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने २०१६ मध्ये खुला केला. आता मोठ्या क्षमतेच्या कार्डांवर ‘एक्सफॅट’ ही नवी मांडणी असते. तीत ‘ई५’ची खूण राहिलेली नाही आणि पुसताना नावाचे अक्षरही जात नाही, मात्र डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद अजूनही ३२ बाइटचीच आहे.