मॅट्रिक न झालेले कर्मवीर

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, म्हणून जैन बोर्डिंगातून त्यांना काढलं. मॅट्रिक काही झाले नाहीत. पण १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालू केलं. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिलं. १९४० साली साताऱ्यातच गरिबांसाठी महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडलं. तिथं फी नव्हती. मुलं शेतात राबून शिकत. ९ मे १९५९ रोजी ते गेले.

बंधू-भगिनींनो, पोर नापास झालं म्हणून लगेच त्याला कामाला जुंपू नका. काम करूनही शिकता येतं, हे कर्मवीरांनी करून दाखवलंय.