बर्फाच्या देशात शिकलेली आनंदी

आपल्या फुलपाड्याजवळ पापडखिंडीचे धरण आहे. थंडीत सकाळी त्या पाण्यावरून वाफ निघताना दिसते. आपण स्वेटर घालतो, शेकोटी करतो आणि म्हणतो, काय थंडी पडली! पण अमेरिकेत कडाक्याची थंडी असते. तिथे पाच मोठी सरोवरं आहेत. ती इतकी मोठी की पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात कॅनडाकडून कोरडा गार वारा येतो. सरोवराचे पाणी वाऱ्यापेक्षा ऊबदार असते. वारा ती वाफ उचलतो, तिचे ढग होतात आणि काठावरच्या गावांवर बर्फ होऊन पडतात. बफेलो नावाचे शहर ईरी सरोवराच्या काठी आहे. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्या शहराजवळच्या काही गावांत सहा फुटांहून जास्त बर्फ पडला. म्हणजे आमच्या गुरुजींच्याही डोक्यावरून गेला असता! लोक फावड्याने बर्फ काढून वाट करतात. सरोवर गोठले की वाफ मिळत नाही, मग असा बर्फ कमी होतो.

अशा गार देशात आपल्या कल्याणची एक मुलगी एकटी शिकायला गेली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. आज मी त्यांची माहिती सांगणार आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणला राहत. यमुना नऊ वर्षांची असताना तिचे लग्न गोपाळरावांशी झाले. ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते व पोस्टात नोकरीला होते. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिला शिकवले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण बाळ दहा दिवसांतच गेले. तेव्हा बायकांसाठी बाई डॉक्टर मिळत नसे. म्हणून आनंदीबाईंनी ठरवले की आपणच डॉक्टर व्हायचे.

लोकांनी खूप नावे ठेवली. तरी त्या घाबरल्या नाहीत. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटर मावशींनी त्यांना घरी ठेवून घेतले. नंतर त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्या. हे शहर सरोवरांपासून लांब आहे, तिथे बफेलोएवढा बर्फ पडत नाही. पण हिवाळा कडकच.

आनंदीबाईंच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण आपला पोशाख सोडला नाही. मांसही खाल्ले नाही. स्वतः रांधून खात आणि रात्री अभ्यास करत. त्यामुळे त्यांची तब्येत बिघडली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पदवी देताना गोपाळराव आणि पंडिता रमाबाई तिथे होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण त्यांना क्षयरोग झाला होता. हा रोग थंडीने नाही, जंतूंनी होतो. पण अशक्त शरीर त्याच्याशी लढू शकत नाही. तो जंतू १८८२ साली सापडला होता, पण त्यावर औषध नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या कष्टाने डॉक्टर झाल्या आणि दवाखान्यात बसायलाच मिळाले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावी ती पुरली आहे. बफेलो त्याच राज्यात आहे. पोकीप्सीलाही हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि आपल्या आनंदीबाई त्या बर्फाखाली आहेत.

माझ्या ताईला नर्स व्हायचे आहे. त्यासाठी तिला नाशिकला जायचे आहे. आजी नको म्हणत होती. पोरीच्या जातीला एवढे लांब कशाला आणि तिकडे थंडी फार, असे तिचे म्हणणे. मी हा निबंध आजीला वाचून दाखवला. आजी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपली जाड गोधडी उन्हात घातली आणि ताईच्या बॅगेजवळ घडी करून ठेवली.

अशा थोर डॉक्टर आनंदीबाईंना माझे शतशः प्रणाम.

– इयत्ता ४ थी